आधी डोळे

परवा मुरुडच्या ढाब्यावर बाभळीच्या धुराचा वास आला आणि आमचं लातूरचं अंगण आठवलं. जिल्हा नवा झाला होता, पाऊस मात्र फिरकला नव्हता. माझे वडील अण्णा कुणाकडे न शिकता लाकडात माणसं कोरायचे, डोळे अगदी शेवटी. अशाच एका दुपारी आईनं त्यांची बाभळीची अर्धवट मूर्ती चुलीत सारली. अण्णा आले तेव्हा नुसते निखारे उरले होते.

"डोळे न्हवते हो, मला जळणच वाटलं," आई पदर तोंडाशी धरून म्हणाली.

"भाकर वाढ," अण्णा मान खाली घालून म्हणाले. तेव्हा मला तो राग वाटला. ती लाज होती, हे आता कळतं; घरातलं जळण संपलंय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यानंतर अण्णा आधी डोळे कोरायचे. आईनं मात्र पुढे एकाही मूर्तीकडे मान वर करून पाहिलं नाही.