मीनाक्षीबुवांची पट्टी

बाई असली तरी बुवाच. डबलबारी भजनात पेटी वाजवत गाणाऱ्याला आम्ही बुवाच म्हणतो. दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात आणि गाण्यातूनच एकमेकांची खेचतात. मीनाक्षी दिवसा लोअर परळच्या ऑफिसात अकाउंट्स सांभाळते आणि बारी असली की पदर खोचून पेटीपुढे बसते. तिचे वडील दगडूकाका गिरणीतून सुटले की भजनात कोरस द्यायचे. पोरीने थेट बुवाची जागा पटकावली. मी तिचा पखवाजवाला, तेव्हा कौतुक जरा जास्तच करणार.

तिचा दरारा होता चढ्या आवाजाचा. गेल्या वर्षी गळ्यातली गाठ काढली आणि डॉक्टरांनी बजावलं, वरच्या पट्टीत गायलात तर आवाज कायमचा जाईल. आमच्याकडे तर खाली गाणाऱ्या बुवाला लोक पहिल्याच गजरात शिट्ट्या मारून उठवतात. मी घाबरलो.

"बस कर ना आता," मी म्हटलं. "नाव आहे तोवर थांब."

ती उखडली. "आवाज उतरलाय रे, गाणं नाय. तू पखवाजाचा सूर उतरव."

लालबागच्या बारीत समोर भिवाबुवा होते, आडदांड गळ्याचे. तिने खालचा सूर धरला तशी मागून शिट्टी आलीच. त्यात आमच्या कोरसने घात केला. इतक्या वर्षांची सवय, ओळ झेलली ती थेट जुन्या पट्टीत. आता तिने वर जायचं, नाहीतर सगळ्यांदेखत पडायचं.

मीनाक्षीने हात वर करून कोरस थांबवला. भरल्या बारीत असं कोणी करत नाही. तीच ओळ तिने पुन्हा खालीच घेतली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ऐकू यावं म्हणून पुढचे गप्प झाले, मग मागचे. शिट्टीवालाही गप्प. मला रडू आलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

भिवाबुवांची पाळी आली. त्यांनी पेटी पुढे ओढली, वरच्या सुरावर बोट ठेवलं आणि उचललं.

"पखवाज उतरव रे," ते आपल्या वादकाला म्हणाले. "आता मी वर गेलंय तर लोका माकाच हसतली."