ओहोटी आणि नऊ ते पाच

आमच्या घरातला संगणक मी एकदा इतका सुरक्षित केला, की तो आमच्यापासूनही सुरक्षित झाला.

मी कॉलेजात लिनक्स ही संगणकप्रणाली शिकत होते. कोणी आत यायचं एवढंच नाही, कधी यायचं हेही ठरवता येतं, असं सरांनी सांगितलं होतं. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. (त्यामुळे चूक दाखवणारं कोणी नव्हतं!) मी नियम लिहिला: लॉगिन फक्त नऊ ते पाच. रूटला, म्हणजे मुख्य खात्यालाही, सूट नाही. अडचणीसाठी वेगळा पासवर्ड ठेवला आणि हरवू नये म्हणून त्याच संगणकात लिहून ठेवला!

फक्त बाबांची होडी भरतीवर निघते, हे विसरले.

दुसऱ्या दिवशी सहालाच बाबा म्हणाले, "बाय, ऊठ. खलाश्यांची यादी छापून दे."

छापील यादीशिवाय बंदरावरचे चौकीवाले होडी सोडत नाहीत, आणि पाणी ओसरलं की होडी खाडीच्या चिखलात बसते. बाहेर पाणी मोत्याच्या रंगाचं झालं होतं, माडांच्या सावल्या त्यात डुलत होत्या. मी अर्धवट झोपेत पासवर्ड टाकला. प्रवेश नाही!

"काय म्हनतंय?"

"नऊला या म्हणतंय."

"कोनाला?"

"सगळ्यांना..."

"ह्यो काय बँकेचा शिपाय हाय?"

चुलीपासून आई म्हणाली, "शिपाय तरी वळख दाखवतो!"

मी पुन्हा टाकला. पुन्हा नाही. तेवढ्यात धक्क्यावरून खलाशी बाबांना ओरडला, "तांडेल, पाणी उतरतंय, दुसरी पायरी उघडी पडली!"

"बाबा, माझ्यामुळे आज होडी..."

"रडू नको. त्याला वेळ कुठून कळते?"

"त्याच्या घड्याळातून."

"मग घड्याळ पुढं कर की!"

असं होत नसतं, हे समजावायला मी तोंड उघडलं. आणि मिटलं. संगणक पुन्हा सुरू केला, लिनक्स जागं होण्याआधीच आतलं घड्याळ नऊवर नेलं. दार उघडलं!

चौकीवर साहेबांनी यादी पाहिली, मग मनगटावरचं घड्याळ. (छापल्याची वेळ कागदावर यावी, ही सोयही माझीच!)

"आत्ता साडेसहा झालेत. यादी नऊ वाजून पाचची कशी?"

मी वाळूत पाय रुतवून उभी. बाबा शांतपणे म्हणाले, "शिकलेली पोर हाय साहेब. आमच्या तीन तास पुढं चालते."

साहेब हसले, होडी सुटली. ती दुधाळ उजेडात विरघळेपर्यंत मी बघतच राहिले, आणि तीन तास पुढं चालणारी मी त्या दिवशी कॉलेजात तासभर उशिरा पोचले!