चौथ्या लेकराचं नाव

सरोवराकाठच्या आमच्या गावात पर्पेतुआ आजीच्या दारावर चार रंगांत चार आकडे होते. जो पाहणीवाला येई तो आपल्या यादीतला घराचा आकडा रंगवून जाई. कुणी मलेरियाची पाहणी करी, कुणी अनाथांची, कुणी भुकेची. आजी वाळवलेली मासळी विकायची. दोन मुलगे आणि एक सून पुरून नातवंडं सांभाळायची. प्रत्येक पाहणीनंतर तिला साबणाची वडी मिळे.

"तुमच्या साबणानं गरिबी काही निघाली नाही रे, टाचा तेवढ्या चकाकल्या," ती म्हणायची.

त्या पाहण्यांत घरोघरी प्रश्न विचारणारा तो मी, ओदिपो. आमच्याकडच्या आज्यांच्या रीतीनं ती मला थट्टेनं नवरा म्हणायची.

"आलात का धनी? हात हलवत, की साबण घेऊन?"

"साबण शेवटी. आधी सांग, घरात लेकरं किती?"

"आहेत देवाच्या दयेनं."

"किती, आजी?"

"लेकरं काय कोंबड्या आहेत मोजायला?"

आमच्याकडे लेकरं मोठ्यानं मोजत नाहीत. मोजली की मरणाला त्यांचा पत्ता लागतो म्हणतात. म्हणून आम्ही नावं विचारायचो आणि आकडा गुपचूप मांडायचो. आजीनं तीन नावं सांगितली. चौथी, सहा वर्षांची आकेयो, तिच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. रक्ताच्या जन्मजात दुखण्यानं तिची हाडं ठणकत असत. मी तिच्याकडे पाहिलं.

"हिचं नको," आजी हळूच म्हणाली. "हिच्या बापाचं नाव असंच कागदावर गेलं, अन् वर्षाच्या आत मी त्याला माती दिली."

सांगतील तेच लिहायचं, असा नियम. मी नियमाआड लपलो. खरं म्हणजे ऊन डोक्यावर आलं होतं आणि पाच घरं बाकी होती. मी तीन लिहिलं.

पावसाळ्यात त्याच यादीवरून मुलांना फुकट उपचाराची कार्डं आली. धडधाकट तिघांना मिळाली, आकेयोला नाही. मी कार्यालयात जाऊन विनवण्या केल्या.

"यादी बंद झाली, ओदिपो. पुढच्या फेरीत बघू," वरच्या बाई म्हणाल्या. त्या काही वाईट नव्हत्या.

आकेयो पुढच्या फेरीपर्यंत टिकली नाही. तिला पुरताना आजीनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. तेच मला अजून बोचतं.

वर्षानं मी पुन्हा तिच्या दारात उभा राहिलो. थट्टा नाही, धनी नाही.

"विचार," ती म्हणाली.

"नावं सांग, आजी."

"नावं नकोत. आकडा लिही. चार." मग एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारीण कुंपणाशी धावत आली. "चार! ज्याला ऐकायचंय त्याला ऐकू दे. चार!"

मी चार लिहिलं. तीन लिहिलं होतं तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ही चूक मात्र तपासणीत सापडली. कार्यालयानं लाल शाईनं चार खोडून तीन केलं आणि मला खरं लिहायची ताकीद दिली.