जमा बाकी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा गाढवपणा सर्वस्वी माझा आहे आणि तो मी शुद्ध मराठीत केला आहे!

आमची सून स्वाती आंबापोळी, फणसपोळी, कोकमाचं आगळ करते आणि थेट देवरूखच्या दुकानांत पोचवते. हिशोब संगणकावर, तोही मराठीत. मी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. म्हटलं, "हिशोब माझ्याकडे दे."

"सोपं आहे, अण्णा. गिऱ्हाइकाने पैसे दिले की इथे लिहायचं. मग बँकेत भरले की..."

"मला जमाखर्च शिकवतेस?" मी पुढचं ऐकलंच नाही.

गिऱ्हाइकाने पैसे दिले: जमा. तेच पैसे मी बँकेत भरले: पुन्हा नवी जमा. बँकेत आपण पैसे जमाच करतो ना? पण पडद्यावर 'जमा बाकी' म्हणून एक आकडा होता, तो काही उतरेना. फुगत फुगत अडुसष्ट हजारांवर गेला!

आता कारकुनाला 'बाकी' म्हणजे काय? लोकांनी थकवलेले पैसे! त्यात सगळ्यात मोठं नाव देवरूखच्या बनेशेठचं. त्यांनी पैसे दिल्याची नोंद मीच केली होती. पण वाटलं, ती जुनी उधारी असेल, ही नवी!

लगेच मोबाइलवरून नोटीस धाडली: 'सदर थकबाकीचा तीन दिवसांत भरणा करावा, अन्यथा पुढील कारवाईस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.'

अर्ध्या तासात स्वातीचा फोन वाजला. बनेशेठचा आवाज मला लांबूनही ऐकू आला.

"काय ओ वैनी, घरात कचेरी कधी उघडलीत? माझ्या दुकानाला टाळं ठोकायला कोण येतंय? गणपतीसाठी सांगितलेल्या त्या पाचशे पोळ्या ठेवा तुमच्याकडंच!"

मे महिन्यात उन्हात उभं राहून वाळवलेल्या पाचशे पोळ्या! मी नोटीस स्वातीला दाखवली आणि संगणक तिच्यापुढे सरकवला.

स्वाती मात्र शांत. माझ्या नोंदी बघितल्या आणि हसली. "अण्णा, ही बाकी लोकांकडची नाही. लोकांनी दिलेले, पण बँकेत जमा करायचे बाकी असलेले पैसे. भरणा लिहिताना त्यांच्यावरच खूण करायची. तुम्ही बँकेत दुसरेच पैसे आले असं लिहिलंत. या हिशोबाने आपली कमाई दुप्पट आणि गिऱ्हाइकं सगळी बुडवी!"

पाच मिनिटांत तिने माझ्या खोट्या जमा पुसल्या, खऱ्यांवर खुणा केल्या. बाकी शून्य! मग बनेशेठना फोन लावला, तो लागला थेट संध्याकाळी. "चूक आमची आहे," एवढंच म्हणाली. माझं नाव नाही, वयाची सबब नाही. आमच्या कचेरीत चूक कबूल केलेला माणूस मी पाहिला नाही. स्वतःला धरून सांगतो.

मला राहवेना. फोन घेतला. "बनेशेठ, तो मजकूर माझा. माफ करा."

"तुमचा होय? अण्णा, राग गेला माझा कधीच. माझे दोन उधारवाले दोन वर्षं दाद देत नव्हते. तुमचीच नोटीस नाव बदलून धाडली. दोघंही मघाशी पैसे टाकून गेले! पोळ्या पाठवा वैनींना सांगून."

कचेरीत उभ्या जन्मात मी हजारो नोटिसा लिहिल्या असतील. वसुली झालेली ही पहिलीच, आणि तीही चुकीच्या माणसाला पाठवलेली!