गुलाबी कुलंट आणि माधवीची मुलाखत

मी मस्कतमध्ये एका कोल्ड स्टोरेजचा मेंटेनन्स इंजिनिअर आहे, त्यामुळे थंडावा या विषयावर मला कोणी शिकवलेलं आवडत नाही.

गेल्या जूनमध्ये सासरे चिपळूणहून आमच्याकडे मस्कतजवळच्या सीबला राहायला आले होते. नाना म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधले निवृत्त मेकॅनिक. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या गाडीखाली वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "विनायकराव, रेडिएटरचं पाणी गळतंय. कुलंट कमी झालं असणार."

"नाना, ही जपानी गाडी आहे. एसटी नव्हे," मी म्हणालो. (हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.)

तरी मी स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गेलो. समोर हिरवं, गुलाबी, निळं असे कॅन. दुकानदाराने विचारलं, "साब, पुराना कौन सा कलर है?" बॉनेट उघडून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. पण बॉनेट उघडणं हे मेकॅनिकचं काम, इंजिनिअरने निर्णय घ्यायचा असतो. मी गुलाबी घेतलं, कारण ते जास्त आधुनिक दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला माझ्या बायकोची, माधवीची, शहरातल्या कुरुम भागातल्या एका शाळेत मुलाखत होती. बारा वर्षांनी ती पुन्हा शिकवायला जाणार होती. आठवडाभर ती आरशासमोर उत्तरं पाठ करत होती आणि कडक इस्त्रीची साडी दोन दिवसांपासून हँगरला लटकत होती. निघण्याआधी मी बॉनेट उघडलं. एका झाकणावर कारंज्यासारखं चित्र होतं. कारंजं म्हणजे पाणी, पाणी म्हणजे रेडिएटर. अख्खा कॅन त्यात रिकामा केला. नाना काही बोलायला पुढे आले, तेव्हा मी हातानेच त्यांना थांबवलं.

"खलास, काम झालं. आता थेट हजार किलोमीटरवरच्या सलालापर्यंत काळजी नाही," मी म्हणालो.

हायवेवर काच धुळकट दिसली म्हणून मी पाणी मारलं. काचेवर गुलाबी सरबत उडालं. वायपरने ते एखाद्या कुशल गवंड्यासारखं सगळीकडे सारखं लिंपलं.

"अहो, हे काय आहे?" माधवीने विचारलं.

"नवीन प्रकारचा साबण आहे."

मागच्या सीटवरून नानांचा आवाज आला. "जावईबापू, कुलंट तुम्ही काचेच्या टाकीत ओतलंत. रेडिएटर तसाच कोरडा आहे."

तेवढ्यात तापमानाचा काटा लालकडे सरकला.

"एसी बंद करा," नाना म्हणाले, "आणि हीटर लावा. फुल्ल."

"नाना, बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे."

"इंजिनातली उष्णता बाहेर काढायला आता दुसरी वाट नाही. लावा."

चौदा वर्षांत ओमानमध्ये मी गाडीचा हीटर प्रथमच लावला. उत्तम चालत होता. कसेबसे पेट्रोल पंपापर्यंत पोहोचलो. मी उतरून लगेच रेडिएटरचं झाकण उघडायला निघालो, तर नानांनी माझं मनगट धरलं. "गरम असताना उघडलंत तर तोंड भाजेल. मग जावई म्हणून कोणाला दाखवू?" वीस मिनिटं आम्ही बाजूला उभे राहिलो. मग त्यांनी फडकं गुंडाळून झाकण सोडवलं, पिण्याच्या पाण्याच्या चार बाटल्या आत ओतल्या, काच पुसली आणि मला म्हणाले, "चालवा. हीटर चालूच ठेवा."

कुरुमला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. साडीची इस्त्री केव्हाच मोडली होती, केस कपाळाला चिकटले होते. माधवी पदर सावरत आत गेली. मी आणि नाना सावलीत बसलो.

पाऊण तासाने ती बाहेर आली. चेहऱ्यावर हसू.

"मिळाली," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं, स्वतःला सगळं येतं असं समजणारा, कोणाचंच न ऐकणारा विद्यार्थी वर्गात असेल तर कसा सांभाळाल?"

"मग? पाठ केलेलं उत्तर दिलंस?"

"छे. आज सकाळचं सगळं सांगितलं. फक्त तुमचं नाव नाही घेतलं."

मला तेवढाच दिलासा वाटला. पण ऑगस्टमध्ये शाळेच्या स्नेहमेळाव्याला गेलो, तर माधवीने ओळख करून द्यायच्या आतच मुख्याध्यापिकांनी अत्यंत प्रेमाने माझा हात हातात घेतला आणि बाजूच्या शिक्षिकांना म्हणाल्या, "हाच तो विद्यार्थी."