पाळीखालचे हिरवे गवत

“कुठे आहे गळती? मला तर काही दिसत नाही,” पाळीच्या माथ्यावर उभे राहून आमचे इंजिनियर रावसाहेब म्हणाले. “तुमच्या पगडीचा पीळ सुटला आहे, तो मात्र दिसतो.”

वैशाख होता. धारजवळच्या एका जहागिरीत मी तेव्हा ओव्हरसियर होतो. ही हकीकत धारेत अजून सांगतात आणि धडधडीत खोटी सांगतात. कोणी म्हणतो, जहागीरदारांच्या हत्तिणीने संकट ओळखले. कोणी म्हणतो, रावसाहेबांच्या सूक्ष्म दृष्टीने. सांगणाऱ्यांपैकी निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. मी तेथे हजर होतो, म्हणून लिहितो.

पाळ म्हणजे तलावाचे पाणी अडवणारा मातीचा बांध. आमच्या पाळीच्या पायथ्याशी कुंभारवाडा होता. सगळे रान करपलेले असताना पाळीखाली गवताचा एक पट्टा हिरवागार होता. त्या वाटेने सारे गाव जात असे. थबकले कोणीच नाही. मी थबकलो, ते बुद्धी अधिक म्हणून नव्हे. पाळ फुटली तर इंजिनियरची बदली होते. ओव्हरसियरला बेडी पडते. एवढे ठाऊक असले की नजर आपोआप तीक्ष्ण होते.

आता हत्तिणीविषयी. ती पाळीवर चढेना, हे खरे. भाविकांनी त्यात गजाननाचा संकेत पाहिला. मी नूरा माहुताला विचारले.

“साब, इसको संकेत-वंकेत कुछ नी दिखा,” नूरा म्हणाला. “इसको घास दिखी.”

या साक्षीनंतरही ज्यांना संकेत मानायचा असेल, त्यांनी हत्तिणीऐवजी गवताला नारळ वाढवावा.

मी रावसाहेबांना पुन्हा गाठले. “मोरी उघडून तलाव उतरवू द्या. मृगाचा पाऊस आला तर ही पाळ टिकणार नाही.” मोरी म्हणजे पाणी सोडण्याची वाट.

“वेड लागले आहे का? सरकारांच्या मुलीचे लग्न आहे. वऱ्हाडासाठी नौका रंगवल्या आहेत. त्या काय चिखलात चालवायच्या?”

“आणि कुंभारवाडा?”

“पाळी पाझरतातच, ओव्हरसियर. पुस्तकात आहे.”

पुस्तकात होतेच. पण पुस्तकात पुढेही काही होते. पाझर स्वच्छ असेल तर पाळ घाम गाळते आहे. भिण्याचे कारण नाही. तो गढूळ असेल तर पाणी आतली माती वाहून नेत आहे आणि पाळ पोटातून पोकळ होत आहे. हे रावसाहेबांना माझ्याहून चांगले पाठ होते. पाठ असलेली वस्तू डोळ्यांसमोर आली तर ओळखावी लागते, एवढेच त्यांना कोणी शिकवले नव्हते.

मग मी विचार केला, या गृहस्थांना दिसते तरी काय? पगडीचा पीळ, अंगरख्याचा बंद, मुजऱ्यातील कसूर. म्हणजे डोळे उत्तम होते. फक्त ते पोशाखावर नेमलेले होते. त्या दिवशी त्यांनी इंदुरहून मागवलेले नवे काळे बूट घातले होते.

“साहेब, वऱ्हाड येण्याची वाट एकदा खालून पाहून घ्यावी,” मी म्हणालो आणि त्यांना सरळ त्या हिरव्या पट्ट्यातून नेले.

लोक सांगतात, साहेबांचा पाय घसरला. साफ खोटे. साहेबांचा पाय मी घसरवला. डावा बूट घोट्यापर्यंत रुतला. त्यांनी तो उपसला आणि त्या खड्ड्यात पिवळट, गढूळ पाणी भरून आले.

“हा चिखल कुठून आला?” रावसाहेब ओरडले.

“पाळीच्या पोटातून.”

ते खड्ड्याकडे पाहत राहिले. चेहरा उतरला. मग तोच बूट हातात घेऊन ते जहागीरदारांच्या दिवाणखान्यात गेले आणि म्हणाले, “सरकार, मी स्वतः तपास केला आहे.” मी दारात उभा होतो. हसलो नाही, नोकरी होती.

नौकाविहार रद्द झाला. व्याही रुसले. मोरी उघडली, तलाव उतरला. पाळ खणली तेव्हा आत साळिंदराचे जुने बीळ निघाले. त्याचे एव्हाना भुयार झाले होते. आम्ही ते चिकणमातीने ठोकून भरले. मृग त्या वर्षी झोडपून आला. तलाव तुडुंब झाला आणि कुंभारवाड्यातील एक मडकेही हलले नाही.

मला वाटले, तेथे तरी दोन बरे शब्द ऐकू येतील. गेलो. गेंदीबाई कुंभारीण माती तुडवीत होती. तिने वर पाहिले नाही.

“साब, आपने तो म्हारी माटी सुखई दी,” ती म्हणाली. “उन्हाळा में घर के पिछवाड़े गीली माटी मिली जाती थी. अब कुआँ से पाणी कुण लायेगा?”

“म्हणजे तुला ती ओल दिसली होती?”

“दिसती क्यूं नी? आँधी हूँ कईं?”

“तो फिर बताया क्यों नहीं?”

“बताती,” ती म्हणाली, “तो आप बंद नी करी देता?”

माझे निवृत्त हेडमास्तर मित्र म्हणतात, निरीक्षणशक्ती ही उपजत देणगी असते. कोणाला मिळते, कोणाला नाही. मी त्यांच्याशी या मुद्द्यावर अनेकदा भांडलो आहे आणि पुढेही भांडेन. डोळे देवाने सर्वांना दिले आहेत. कोणते काम त्यांना सांगायचे, ते ज्याचा तो ठरवतो. त्या पाळीखाली आंधळा कोणीच नव्हता.