थांबायची जागा

मेक्सिकोतल्या वेराक्रूझच्या त्या वृद्धाश्रमात दर गुरुवारी दुपारी दानसोन या जोडीनं करायच्या जुन्या नाचाची धून वाजायची. बाकीचे खुर्चीत बसून ठेका धरायचे. नाचायला उठायचे ते एदुविगेस आणि तिचा नवरा एर्मिलो, दोघंच. एदुविगेसने जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि एकोणसाठ वर्षं या एकाच माणसाबरोबर नाचली. आता तो तिला ओळखत नव्हता. जानेवारीपासून त्याच्या तोंडातून शब्द नव्हता.

उत्तरेकडून आलेल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी आज बजावलं होतं, "आजी, आजोबा एकदा जरी अडखळले, तर नाच कायमचा बंद."

"आधी तुम्ही दोन पावलं टाकून दाखवा," म्हातारी फणकारली.

नाच सुरू झाला आणि मध्येच एर्मिलो जागच्या जागी थांबला.

"खुर्ची आणा!" डॉक्टरीणबाई धावल्या.

"हात लावाल तर खबरदार! मुखडा परत आला की थांबायचं असतं. रीतच आहे ती दानसोनची."

ठणकावलं खरं, पण तिची तिलाच खात्री नव्हती. एर्मिलो सूर ओळखून थांबला, की पुढचं सगळं विसरून? मुखडा संपत आला. एर्मिलोच्या कपाळावर आठी चढली. तो तिच्या रिकाम्या हाताकडे टक लावून बघत होता.

"पंखा कुठाय तुझा, एदु?" तो खेकसला. "थांबलं की बायकांनी पंख्यानं वारा घ्यायचा असतो. एवढंही विसरलीस?"